पाणी येणार नाही एवढं सांगा, का ते विचारू नका

इंदुरातल्या कुठल्याही खासगी एफएम वाहिनीला एक गोष्ट बिनधास्त सांगता येते : उद्या अमुक टाक्या भरणार नाहीत, पाणी जपून वापरा. शहरासाठी नर्मदेचं पाणी उपसणारा जलूदचा पंप बंद असो की नर्मदेची मोठी लाइन फुटलेली असो, नगर निगमकडून सूचना आली की रेडिओ जॉकी ती वाचून दाखवतो, वर एक विनोद करतो आणि गाणं लावतो. पण त्याच जॉकीने "ही लाइन यंदा कितव्यांदा फुटली, दुरुस्तीचं काम कोणाकडे होतं" असं विचारलं, की ती बातमी झाली. आणि बातमी सांगायचा अधिकार त्याच्या परवान्यात नाही. खासगी एफएमच्या तिसऱ्या टप्प्याचं धोरण 2011 मध्ये आलं. त्यात वाहतूक, हवामान, परीक्षा आणि प्रवेश, नोकरीच्या जागा, सणसमारंभ, वीज-पाण्याच्या सूचना यांना 'बातमी नव्हे' म्हणून मोकळीक मिळाली. वीज-पाण्याच्या बाबतीत अट अशी की सूचना स्थानिक प्रशासनाने दिलेली असावी. बातमीच हवी असेल तर आकाशवाणीचं बातमीपत्र घ्यावं आणि एक शब्दही न बदलता जसंच्या तसं ऐकवावं.

स्थानिक रेडिओ संपत चालला, अशी हळहळ आमच्याकडे अधूनमधून ऐकू येते. मोबाइलने संपवला, यूट्यूबने संपवला, पोरांना कान राहिले नाहीत, वगैरे. मला ही हळहळ पटत नाही. आमच्या शहरात स्थानिक रेडिओ पुरता आलाच नाही. आली ती गाण्यांची पेढी. तिला इंदूरचं नाव आणि पोह्यांचे विनोद चिकटवले, एवढंच. शहराला स्वतःबद्दल बोलू देणारा रेडिओ हवा असेल, तर सरकारी धोरणांच्या फायलींपेक्षा चोरट्या रेडिओंचा इतिहास जास्त कामाचा आहे, असं माझं मत आहे.

चोरटा म्हणजे परवान्याविना हवेत शिरलेला. आपल्याकडे त्याची सुरुवात फार सन्मानाची आहे. ऑगस्ट 1942 मध्ये, नेते सगळे तुरुंगात असताना, बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईतून 42.34 मीटरवर काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा बदलत बदलत तो तीनेक महिने चालला, नोव्हेंबरात पोलिसांनी पकडला. पुढे 1955 ते 1961 या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोली आणि कॅसलरॉकच्या जंगलातून गोवामुक्तीचं गुप्त केंद्र चालवलं. तिथे पोर्तुगीज आणि कोंकणी दोन्ही भाषांत बातम्या असायच्या. हे परक्या सत्तेविरुद्धचं काम होतं, त्याची तुलना आजच्या परवान्याच्या भांडणाशी करणं बरं नाही. पण एक गोष्ट लक्षात ठेवावी : दोन्हीकडे लोक गाण्यांसाठी कान लावून बसत नव्हते. जी बातमी सत्ता सांगू देत नव्हती तिच्यासाठी बसत होते.

स्वातंत्र्यानंतरचा सगळ्यात मोठा धडा मात्र अगदी घरगुती आहे आणि त्यात आपण मराठी माणसं दोन्ही बाजूंना आहोत. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 ते 1962 माहिती आणि नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा होती, आणि आकाशवाणीवर रागदारीला जी प्रतिष्ठा मिळाली तिचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. मात्र चित्रपटगीतं त्यांना हलकी वाटत. आधी त्यांची वेळ कापली गेली, मग निर्मात्यांशी वाद झाला आणि आकाशवाणीवरून ती जवळपास हद्दपारच झाली. श्रोत्यांनी काय केलं? मोर्चे काढले नाहीत. सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त फौजांनी कोलंबोला उभारलेला प्रक्षेपक सिलोनला आयता मिळाला होता. लघुलहरींवर तो भारतभर ऐकू यायचा. डिसेंबर 1952 पासून अमीन सयानींची बिनाका गीतमाला तिथून सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, फिती विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून हवेतून परत आपल्याच घरात यायच्या. सिलोनच्या कायद्याने सगळं रीतसर होतं. आपल्या सरकारच्या डोळ्यांनी पाहिलं तर सीमेपलीकडून झालेली घुसखोरी होती.

आणि इंदूर? आमचं आकाशवाणी केंद्र मालवा हाउसमध्ये 22 मे 1955 रोजी सुरू झालं, म्हणजे ऐन या बंदीच्या काळात. लताबाईंचा जन्म इथल्याच शीख मोहल्ल्यातला, 1929 चा. त्यांचं नवं गाणं ऐकायला त्यांच्या जन्मगावातल्या माणसाला कोलंबो शोधावं लागत होतं, आणि ही वेळ आणणारे मंत्री मराठीच. शेवटी सरकार नमलं. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती आली. सिलोनने जे दाखवलं ते दिल्लीला पाच वर्षांनी पटलं.

बरोबर दहा वर्षांनी इंग्लंडमध्ये हीच गोष्ट घडली. बीबीसीला पॉप संगीत फारसं रुचत नव्हतं. मार्च 1964 मध्ये रेडिओ कॅरोलाइन नावाचं केंद्र किनाऱ्यापासून दूर, देशाच्या हद्दीबाहेर नांगरलेल्या जहाजावरून बोलू लागलं. पाठोपाठ आणखी जहाजं आली. ऑगस्ट 1967 मध्ये कायदा करून या जहाजांना रसद, जाहिराती, माणसं पुरवणं गुन्हा ठरवलं गेलं. पण इंग्रजांनी तेवढ्यावर हात झटकले नाहीत. दीड महिन्यात, 30 सप्टेंबरला, बीबीसीची रेडिओ वन सुरू झाली आणि तिच्या पहिल्या दिवशीचा पहिला आवाज जहाजावरून आलेल्याच एका निवेदकाचा, टोनी ब्लॅकबर्नचा होता. नोव्हेंबरात लेस्टर शहरात बीबीसीचं पहिलं स्थानिक केंद्र उघडलं. अमेरिकेत नव्वदच्या दशकात छोट्या चोरट्या केंद्रांनी परवाना यंत्रणेला इतकं सतावलं, की 2000 साली तिथे शंभर वॉटपर्यंतच्या लहान केंद्रांसाठी वेगळा परवाना निघाला. चोर पकडायचे ते पकडलेच. पण चोरी कशाची होत होती ते पाहून ती वस्तू बाजारातही आणली.

आपण यातला फक्त अर्धा भाग शिकलो.

बिहारमधल्या वैशाली जिल्ह्यातलं मन्सूरपूर हे गाव 2006 मध्ये अचानक जगाला कळलं. राघव महतो नावाचा रेडिओ दुरुस्त करणारा तरुण पन्नासेक रुपयांच्या सामानातून बनवलेल्या प्रक्षेपकावरून आपल्या दुकानातून 2003 पासून एफएम चालवत होता. बांबूवर लावलेला अँटेना, साधा टेपरेकॉर्डर. भोजपुरी आणि हिंदी गाणी, पोलिओ आणि एड्सबद्दल माहिती, हरवलेल्या पोरांच्या सूचना, गावातल्या कुठल्या दुकानाचं उद्घाटन. परवाना घ्यावा लागतो हेही त्याला ठाऊक नव्हतं. बातमी छापून आली, परदेशी माध्यमांतही आली, आणि त्याच वर्षी केंद्र बंद झालं. नियमाने पाहिलं तर बंद करणं चूक नव्हतं. एफएमचा पट्टा 108 मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांच्या दळणवळणाचा पट्टा सुरू होतो. घरी जुळवलेला प्रक्षेपक आपल्या जागी राहत नाही, शेजारच्या लहरींवर सांडतो. उद्या महारानी रोडवरून सुटे भाग आणून कोणी गच्चीवर केंद्र लावलं आणि त्याची खरखर विजासनच्या बाजूने उतरणाऱ्या विमानाच्या वैमानिकाच्या कानात गेली, तर मी त्या पोराची बाजू घेणार नाही.

पण केंद्र बंद केल्यावर पुढे काय? त्याच 2006 च्या नोव्हेंबरात सामुदायिक रेडिओचं नवं धोरण आलं. त्याआधी, 2002 पासून, हा परवाना फक्त शिक्षणसंस्थांना होता. आता स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही मिळू लागला. शंभर वॉटचा प्रक्षेपक, तीस मीटरपर्यंतचा मनोरा, दहा-बारा किलोमीटरचा टापू. त्यातून चांगली कामं झाली. तेलंगणातल्या पस्तापूरचा संघम रेडिओ, आपल्याकडे माण तालुक्यात म्हसवडची माणदेशी तरंग, मध्य प्रदेशात ओरछ्याचा रेडिओ बुंदेलखंड. आज अशी केंद्रं पाचशेच्या वर आहेत. मात्र दोन खुंट्या तशाच राहिल्या. परवाना व्यक्तीला मिळत नाही, निदान तीन वर्षं जुन्या नोंदणीकृत संस्थेलाच मिळतो. म्हणजे ज्या मुलाने ही भूक दाखवून दिली त्याला त्या पंगतीत पाटच नव्हता. आणि बातम्यांवर बंदी तिथेही आहेच.

त्याआधीच्या निकालाची आठवण इथे करायला हवी. 9 फेब्रुवारी 1995 ला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगालच्या खटल्यात सांगितलं की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. भांडण हीरो चषकाच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचं होतं, पण न्या. पी. बी. सावंतांनी त्या निमित्ताने सरकारच्या मक्तेदारीलाच हात घातला. लहरींचं नियमन लोकांच्या हितासाठी व्हावं, आणि लोकांना वेगवेगळी मतं, वेगवेगळे आवाज ऐकायला मिळावेत, असा त्याचा रोख होता. सरकारने यातून काढलेला अर्थ म्हणजे लिलाव. खासगी एफएमच्या पहिल्या टप्प्यात 40 शहरांतल्या 108 लहरी लिलावात निघाल्या. बोली इतक्या चढल्या आणि वार्षिक शुल्क दरसाल 15 टक्क्यांनी वाढायची अट इतकी जाचक होती, की प्रत्यक्षात सुरू झाल्या अवघ्या 21.

त्यांतली एक आमच्या वाट्याला आली. 4 ऑक्टोबर 2001 रोजी रेडिओ मिर्चीने आपली पहिली वाहिनी इंदुरात सुरू केली, मुंबई-दिल्लीच्याही आधी. तेव्हा शहराला काय वाटलं होतं ते आठवून आजही बरं वाटतं. रिक्षात, सराफ्यात, राजवाड्यासमोरच्या पानाच्या टपरीवर तेच सुरू. निवेदक आपल्यासारखं बोलत होता, "भिया" म्हणत होता, छप्पन दुकानच्या गर्दीची चेष्टा करत होता. दिल्लीच्या शुद्ध हिंदीतून सुटका झाल्यासारखी वाटत होती, आणि ती सुटका खरी होती. त्या वाहिन्यांनी शहराच्या बोलीला संकोच सोडायला लावला, हे मी कधीच नाकारणार नाही. पुढे 2005 मध्ये दुसऱ्या टप्प्यात ठरावीक शुल्काऐवजी उत्पन्नाचे 4 टक्के घ्यायचं ठरलं, धंदा सावरला, आणखी वाहिन्या आल्या. मग हळूहळू सगळ्यांचा आवाज एकसारखा झाला. बातमी मना, मतभेद मना, तर निवेदकाने बोलायचं कशावर? पाऊस, परीक्षा, प्रेम आणि पोहे. चारही वाहिन्यांना तेच चार विषय.

याच्या आधीचा स्थानिक रेडिओ कसा होता ते सांगायला हवं, कारण सरकारी म्हणजे रुक्ष असा एक सोयीस्कर समज आहे. आकाशवाणी इंदूरचा 'खेती गृहस्थी' कार्यक्रम आणि त्यातली नंदाजी-भेराजी ही जोडी माळव्यात घरोघरी ठाऊक होती. दोघं माळवीत बोलायचे, ओट्यावर बसल्यासारखे. एकाने शंका काढायची, दुसऱ्याने खोडायची, आणि मध्येच सोयाबीनच्या किडीवरचं औषध सांगून टाकायचं. माझे वडील छावनीत एका आडत्याकडे हिशेब लिहायचे. ट्रॉली उतरवून पैशांची वाट बघत बसलेले शेतकरी भावावरून घासाघीस करताना "पण भेराजी तर असं म्हणाला होता" असा दाखला देत, आणि आडत्याही "भेराजीला काय कळतंय" असं म्हणून उडवून न लावता त्यावर उत्तर देत असे. हा अधिकार त्या आवाजाला कोणी परिपत्रक काढून दिला नव्हता. तो रोज संध्याकाळी, ऐकणाऱ्याच्या बोलीत आणि त्याच्याच कामाचं बोलल्यामुळे आला होता. तरीही तो सरकारी चौकटीतलाच आवाज होता. कीड कोणती ते सांगणार. खताच्या गोणीसाठी सोसायटीत रांग का लागते ते विचारणार नाही. आता तर आकाशवाणीतही हात आखडता घेणं सुरू आहे. नागपूरचं राष्ट्रीय प्रसारण बंद झालं, पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग 2023 मध्ये गुंडाळायला निघाले होते, ओरड झाली म्हणून थांबलं. मध्यमलहरींचे जुने प्रक्षेपक देशभर एकेक करून मावळताहेत.

याच शहरात छापील अक्षराचं काय झालं ते बघा. 'नईदुनिया' 5 जून 1947 ला इथे सुरू झालं. राहुल बारपुते नावाच्या मराठी माणसाने ते हिंदीतल्या उत्तम वृत्तपत्रांपैकी एक करून दाखवलं. राजेंद्र माथुर, प्रभाष जोशी त्याच कार्यालयात घडले. बारपुते, देवासचे कुमार गंधर्व, चित्रकार विष्णू चिंचाळकर, नाटकवाले बाबा डिके ही मित्रमंडळी म्हणजे या शहराची एक सांस्कृतिक संसदच होती. हे सगळं उभं राहिलं, कारण वृत्तपत्राला बातमी छापायला सरकारची परवानगी लागत नव्हती. नोंदणी करा, छापा, चुकलात तर कोर्टात उभे राहा. त्याच गावात, त्याच कुवतीच्या माणसांना, रेडिओवर मात्र हे करता आलं नाही. कुवत कमी होती म्हणून नव्हे.

आज इंदुरातलं सर्वांत जास्त ऐकलं जाणारं स्थानिक प्रसारण कोणतं? माझ्या मते कचरागाडी. सकाळी गल्लीच्या तोंडाशी भोंग्यावरून स्वच्छतेचं गाणं सुरू होतं, त्यात मध्ये ओला-सुका वेगळा करा, कर भरायची मुदत अमुक. स्वच्छतेत पहिला नंबर काही फुकट आला नाही, त्या गाण्याचाही त्यात वाटा आहे. पण एका सकाळी आमच्या शेजारच्या काकूंनी बादली देता देता गाडीवाल्या मुलाला विचारलं, "भैया, कल भी नल नहीं आएगा क्या?" तो हसून म्हणाला, "अपन को नी मालूम माताजी, अपन तो गाना बजाते हैं." चार एफएम वाहिन्यांची कायदेशीर अवस्था याहून वेगळी आहे असं मला कोणी पटवून द्यावं.

बंदीच्या बाजूने दिलं जाणारं कारण सुरक्षेचं असतं. कॉमन कॉज या संस्थेने 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयात हीच बंदी आव्हानाला घेतली, तेव्हाही सरकारची भूमिका अशी की इतक्या केंद्रांवर लक्ष ठेवायची यंत्रणा नाही आणि चुकीच्या हाती रेडिओ गेला तर दंगे पेटतील. भीती हवेतली नाही. रवांडात 1994 च्या नरसंहारात रेडिओने माणसं मारायला चिथावलं, पुढे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने त्याच्या चालकांना दोषी ठरवलं. पण ते केंद्र चोरटं नव्हतं. ते रीतसर परवान्यावर, सत्तेतल्या बड्यांच्या आशीर्वादाने चालत होतं. एकच मोठा आवाज असणं आणि त्याला उत्तर देणारा दुसरा आवाज नसणं, धोका तिथे होता. आणि लक्ष ठेवायचं म्हणाल, तर परवानाधारक रेडिओइतकं सापडायला सोपं माध्यम दुसरं नाही. पत्ता माहीत, मनोरा दिसतो, सामुदायिक केंद्राला तर तीन महिन्यांचं ध्वनिमुद्रण जपून ठेवायची अटच आहे. याउलट कुठल्या गल्लीत काय झालं याची अफवा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते तेव्हा तिचा पत्ता कोणालाच लागत नाही. अशा वेळी प्रशासन इंटरनेट बंद करतं. तेव्हा तरी लोकांनी खरं काय ते कुठे ऐकायचं?

दुसरा आक्षेप तरुण मंडळींचा असतो, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. रेडिओ हवाय कशाला? मोबाइल आहे, यूट्यूब आहे, चोरटे रेडिओवालेसुद्धा आता इंटरनेटवर गेले. खरं आहे. इंदुरात हातात माइक घेऊन फिरणारे यूट्यूबवाले ढिगाने आहेत. त्यांना बातमी सांगायला कुठलाही लिलाव भरावा लागत नाही. म्हणूनच तर हा नियम विनोदी झालाय : ज्याने कोट्यवधी भरून, पत्ता देऊन, सरकारशी करार करून परवाना घेतला त्यालाच बातमी मना, आणि ज्याने काहीच भरलं नाही त्याला मोकळं रान. पण यूट्यूब रेडिओची जागा घेतं असंही नाही. तिथे ज्याला जे आवडतं तेच पुढे येतं. संतापजनक असेल तर अधिकच. एफएमला तुमची आवड माहीत नसते. मनोऱ्याच्या टापूत जो आहे त्याला, लोकमान्य नगरातल्या निवृत्त बँकवाल्याला आणि पालद्याच्या कारखान्यातल्या मजुराला, एकच गोष्ट एकाच वेळी ऐकू येते. डेटा लागत नाही. एक अडचण आहे ती मोबाइल कंपन्यांनी केलेली : नव्या फोनमध्ये एफएमच मिळत नाही, पूर्वी हेडफोनची वायरच अँटेनाचं काम करायची, ती वायरही गेली. सरकारने 2023 मध्ये कंपन्यांना एफएम सुरू ठेवायला सांगितलं, पण सल्ला म्हणून. ते सक्तीचं करायला हवं.

आता आपल्या मराठीचा प्रश्न, कारण वाचणारा तो विचारणारच. इंदुरातल्या खासगी वाहिन्या सगळ्या हिंदीत आहेत. आमच्या आजोबांच्या पिढीने रात्री खरखरीतून मुंबई 'ब' ऐकत मराठी कान शाबूत ठेवले. शंभर वॉटच्या एका केंद्राच्या टापूत रामबाग, राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, सुदामा नगर सगळं येतं. महाराष्ट्र साहित्य सभेची व्याख्यानं आहेत, सानंदची नाटकं आहेत, मजकुराला तोटा नाही. तरी निव्वळ मराठी केंद्र काढावं असं मला वाटत नाही. काढलं तर काय होईल ते मला आत्ताच ऐकू येतंय : सकाळी अभंग, दुपारी नाट्यगीत, संध्याकाळी हळदीकुंकवाची सूचना आणि गणपतीत आरतीस्पर्धेचे निकाल. त्यापेक्षा शहराच्या एका सामाईक केंद्रावर रोज अर्धा तास मराठीत हवा, आणि त्या अर्ध्या तासात रामबागेतल्या तुंबलेल्या नाल्याबद्दल निगमच्या अधिकाऱ्याला मराठीत प्रश्न विचारलेला हवा. बाजूच्या अर्ध्या तासात तोच प्रश्न खजराण्यातला कोणी उर्दूमिश्रित हिंदीत विचारेल. या शहरात आपली भाषा टिकली ती कामाची होती तोवर टिकली. होळकरांच्या दफ्तरात होती, दुकानात होती. पुढेही कामाची असली तरच टिकेल.

बदल फार मोठा करायचा नाहीये. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर 2023 मध्ये शिफारस केली की खासगी एफएमला दर तासात दहा मिनिटं बातम्या देऊ द्याव्यात. ती बाजूला ठेवून ऑगस्ट 2024 मध्ये मंत्रिमंडळाने 234 नव्या शहरांतल्या 730 वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. सांगताना मातृभाषेतल्या स्थानिक कार्यक्रमांना चालना मिळेल असं सांगितलं. म्हणजे आणखी 234 गावांना पोहे किंवा त्यांचा तिथला अवतार मिळणार. बातमीबंदी हा संसदेने केलेला कायदा नाही, धोरणातलं एक कलम आहे. बदलायचं तर लिलावाआधी बदलता येतं. दहा मिनिटांची शिफारस खासगी वाहिन्यांपुरती आहे, ती सामुदायिक केंद्रांनाही लागू व्हावी, आणि परवाना मागायला संस्थेची तीन वर्षं जुनी नोंदणी लागू नये. मोहल्ल्यातल्या दहा-वीस माणसांनी मिळून जबाबदारी घेतली तर तेवढं पुरे व्हावं.

पैसा कुठून येणार, हा यातला खरा कठीण भाग. 2024 च्या सुधारित नियमांनी सामुदायिक केंद्रांना तासाला सातऐवजी बारा मिनिटं जाहिराती घेऊ दिल्या, सरकारी जाहिरातींचा दरही दहा सेकंदांना 52 वरून 74 रुपये केला. भंवरकुआंचे कोचिंग क्लास आणि सराफ्यातली दुकानं आहेत, तोवर इंदुरात एखादं लहान केंद्र तगू शकेल. अलिराजपुरात कठीण जाईल. पण सरकारी आणि निगमच्या जाहिरातींवरच केंद्र जगायला लागलं, तर बातमीची परवानगी मिळूनही नळाबद्दलचा प्रश्न कोणी विचारणार नाही. म्हणून एखाद्या केंद्राच्या उत्पन्नात सरकारी जाहिरातींचा वाटा किती असावा याला मर्यादा घाला, आणि बाकीचं श्रोत्यांच्या वर्गणीतून येऊ द्या. गणपतीला दारोदार पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या मंडळांच्या या शहरात वर्गणी कशी गोळा करायची हे तरी कोणाला शिकवावं लागणार नाही.